भाड्याच्या घराला किती आवाज लागतो?

सासरे तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आले होते. आमच्या ५५ इंची टीव्हीसमोर दोन दिवस बसले आणि तिसऱ्या रात्री जेवताना म्हणाले, “जावईबापू, चित्र फार सुरेख आहे हो. पण ही मंडळी बोलतात कुणाशी? आपल्याशी तर बोलत नाहीत.”

दोष त्यांच्या कानांचा नव्हता. टीव्ही जसजसा चपटा होत गेला तसतशी आतल्या स्पीकरची जागा आटली. आता बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीला भेटतो आणि मग आपल्याला. त्यातून दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधला (जेएलटी) हॉल म्हणजे एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, पायाखाली गुळगुळीत टाइल्स आणि डोक्यावर एसीच्या डक्टची अखंड सू-सू. अशा खोलीत संवाद काचेवर आपटून पुसट होतात. रिमोट उचलून आवाज वाढवावा, तर नेमकी जाहिरात लागते आणि घर दणाणतं.

जेएलटीत हा प्रश्न घरोघर आहे. शेख झायेद रोडच्या पलीकडे मरीना, अलीकडे आम्ही. तळ्यांभोवती ‘ए’ ते ‘झेड’ असे २६ क्लस्टर आणि मध्ये उंच अल्मास टॉवर. पुण्या-ठाण्या-नाशिकहून आलेली नोकरदार मंडळी इथं एक-दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतात. थिएटरात जाऊन मराठी सिनेमा बघण्याचा योग इथं मुंबई-पुण्याइतका सहज येत नाही, त्यामुळे ‘घरीच थिएटर करू’ हा विचार दर दिवाळीला डोकं वर काढतो. मग एक जण म्हणतो रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन वेगळे स्पीकर चालवणारं यंत्र) घे, दुसरा म्हणतो साउंडबार लाव आणि गप्प बस, तिसरा स्वतःचं सात स्पीकरचं कौतुक सांगत बसतो.

मी ह्या तिघांचंही ऐकलं. दुकानं पालथी घातली, मित्रांच्या हॉलमध्ये बसून त्यांचे संच ऐकले, आणि माझं मत असं झालं की थोड्या पैशात करायचं असेल तर रिसीव्हर ही शेवटी निवडायची वस्तू आहे. आधी खोली, मग पुढचे तीन स्पीकर, मग रिसीव्हर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण रिसीव्हरच्या खोक्यावर आकडे असतात आणि आकड्यांची तुलना करणं सोपं जातं.

ह्या आकड्यांशी आपलं नातं जुनं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन आणायची, आणि ओटीवर ठेवलेल्या त्या रेडिओ-टेपभोवती वाडी जमायची. पुढे खोक्यांवर ‘पीएमपीओ’ आला. तळहाताएवढ्या स्पीकरवर हजार-दोन हजार वॉट छापलेले असायचे. ह्या पीएमपीओला कसलंही ठरलेलं माप नव्हतं; क्षणाच्या एखाद्या तुकड्यात यंत्र कुठवर उसळू शकेल ह्याची ती कल्पना होती. अमेरिकेत तर अँप्लिफायरच्या वॉटची जाहिरात कशी करावी ह्यावर १९७४ सालीच सरकारी नियम करावा लागला. पीएमपीओ आता फारसा दिसत नाही, पण त्याचा धाकटा भाऊ अजून खोक्यावर राहतो. सोनीच्या एसटीआर-डीएच५९० ह्या २०१८ सालच्या स्वस्त रिसीव्हरवर १४५ वॉट दिसतात. बारीक अक्षरं वाचली तर कळतं की हे १४५ वॉट एकच चॅनेल चालवून, एकाच किलोहर्ट्झच्या सुरावर, ०.९ टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेले आहेत. दोन चॅनेल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असा पूर्ण पट्टा, विकृती ०.०९ टक्के, असं मोजलं की तेच यंत्र ९० वॉटवर येतं. पाचही चॅनेल एकदम जोरात चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी. रिसीव्हर वाईट आहे असा ह्याचा अर्थ नाही. एका कंपनीचा खोक्यावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवायचा नसतो, एवढाच अर्थ.

आणि मुळात वॉट लागतात किती? मध्यम प्रतीचा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर साधारण ८७ डेसिबल आवाज देतो. आपला सोफा तीन मीटरवर. मोकळ्या मैदानात तिथपर्यंत पोचताना साडेनऊ डेसिबल गळतात, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी. म्हणजे एका वॉटवर सोफ्यापाशी ७७-७८ डेसिबल तरी उरतात, आणि माणसांचं नेहमीचं बोलणं असतं ६०च्या आसपास. मालिकेतली सासू सुनेला बोलते ते अर्ध्या वॉटच्या आतच आटोपतं. दहा वॉट दिले की शेजारी दार वाजवतात. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. ८०चे १०० वॉट केले तर जेमतेम एक डेसिबल, जो कानाला कळतही नाही. १०० वॉटच्या मॉडेलसाठी दुकानदार जादा पैसे मागतो तेव्हा तो त्या एका डेसिबलचे मागत असतो. सिनेमातल्या अचानक येणाऱ्या स्फोटासाठी थोडी ताकद हाताशी असावी हे खरं, पण चार बाय पाच मीटरच्या हॉलला कुठल्याही नामांकित कंपनीचा सगळ्यात स्वस्त रिसीव्हर पुरून उरतो. फक्त स्पीकर सहा किंवा आठ ओहमचे घ्यावेत. चार ओहमचे स्पीकर जोरात वाजवायला लागलं की स्वस्त रिसीव्हर तापतो आणि मधेच बंद पडतो.

आता एचडीएमआय. खरा गोंधळ इथं आहे आणि पैसेही इथंच वाचतात.

पूर्वी रिसीव्हर हा घरातल्या सगळ्या यंत्रांचा चौक असायचा. डीव्हीडी, सेट-टॉप बॉक्स, गेमचं यंत्र सगळं त्याच्या पाठीत खुपसायचं आणि तिथून एक वायर टीव्हीला. म्हणून किती एचडीएमआय जागा आहेत, ४के जातं का, ८के जातं का, हे महत्त्वाचं होतं. आज आपल्या घरात काय चालतं? नेटफ्लिक्स, यूट्यूब, मराठी मालिकांचं एखादं अॅप. हे सगळं टीव्हीच्या आतच असतं. सेट-टॉप बॉक्सही थेट टीव्हीला लावता येतो. म्हणजे चित्र रिसीव्हरमधून जायची गरजच उरलेली नाही. टीव्हीतला आवाज तेवढा बाहेर यायला हवा. त्यासाठी २००९ सालच्या एचडीएमआय १.४ पासून ‘एआरसी’ नावाची सोय आहे: एकाच वायरीतून आवाज टीव्हीकडून उलटा रिसीव्हरकडे येतो. टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय भोकाशेजारी ‘एआरसी’ लिहिलेलं असतं, रिसीव्हरच्या ‘आउट’शेजारीही असतं. दोघांना जोडायचं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी चालू करायचं, आणि टीव्हीच्याच रिमोटनं रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होऊ लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीनं हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. दोन रिमोट म्हणजे आमच्याकडे दर संध्याकाळी “अहो, जरा इकडे या” अशी हाक.

ह्यापुढची पायरी ‘ई-एआरसी’, जी एचडीएमआय २.१बरोबर आली. ब्लू-रे डिस्कमधला, काहीही न गमावलेला अव्वल दर्जाचा आवाज तिच्यातून जातो. तुमच्याकडे डिस्क आहेत का? नसतील तर साध्या एआरसीवर भागतं, कारण नेटफ्लिक्स वगैरे जो आवाज पाठवतात तो डॉल्बी डिजिटल प्लस ह्या दाबलेल्या स्वरूपातला असतो. तो साध्या एआरसीतून जाऊ शकतो, फक्त टीव्ही आणि रिसीव्हर दोघांना ते स्वरूप कळायला हवं. रिसीव्हर फारच जुना असेल तर टीव्ही साधं डॉल्बी डिजिटल करून देतो आणि सोफ्यावर बसणाऱ्याला फरक कळत नाही. एक खोच तेवढी ठेवावी लागते: पेनड्राइव्हवरून सिनेमे बघणाऱ्यांना ‘डीटीएस’ लागतं, आणि सॅमसंगनं २०१८पासून टीव्हीतून डीटीएस काढून टाकलं. एलजीनं २०२०मध्ये काढलं आणि २०२३मध्ये परत आणलं. आपला टीव्ही कोणत्या सालचा आहे ते बघून ठरवावं.

४के १२० हर्ट्झवर गेम खेळणारा मुलगा घरात असेल तर त्याचं यंत्रही थेट टीव्हीला लावावं. २०२०मध्ये एचडीएमआय २.१ म्हणून विकल्या गेलेल्या डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या पहिल्या खेपेत चिपचाच दोष निघाला होता आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के १२० हर्ट्झवर लावलं की चित्रच येईना. यामाहानं बोर्ड बदलून दिले, डेनॉननं मध्ये लावायची डबी फुकट दिली. नव्या सोयीसाठी सर्वांत आधी पैसे मोजणाऱ्याला हे असं दुरुस्त करून घ्यावं लागतं. आपण जरा मागून चालावं.

मग बाजारात आहे काय? तळाच्या पायरीवर सोनीचा डीएच५९० आणि यामाहाचा आरएक्स-व्ही३८५. दोन्ही २०१८चे, दोन्ही पाच चॅनेलचे, एआरसीवाले, ब्लूटूथ असलेले, वायफाय नसलेले. दोघांबरोबर खोली मोजायचा छोटा माइक येतो. मला यामाहाचा जास्त आवडतो, कारण हळू आवाजातही त्याचा मधला स्पीकर स्वच्छ बोलतो. ही आवड माझ्या कानांची, तिचा दाखला मागू नये. त्यावरच्या पायरीला डेनॉनचा एव्हीआर-एक्स५८०बीटी, ज्यात ई-एआरसी आहे, आणि यामाहाचा आरएक्स-व्ही४ए, ज्यात वायफायही आहे. इथवर अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, कशातच नाही. अॅटमॉस हवं तर सात चॅनेलकडे जावं लागतं: सोनीचा डीएच७९० किंवा डेनॉनचा एक्स१८००एच.

कंपन्यांच्या नावांवर मात्र फार भावुक होऊ नये. आपल्या काकांनी ज्या ओंक्योचं गुणगान गायलं तिच्या होम ऑडिओ शाखेचं २०२२मध्ये जपानात दिवाळं निघालं. नाव दुसऱ्यांकडे गेलं आणि पायोनियरही त्याच छपराखाली आलं. डेनॉन आणि मरांट्झ आधी वैद्यकीय यंत्रं करणाऱ्या मासिमोकडे गेले आणि २०२५मध्ये हरमनकडे, म्हणजे पर्यायानं सॅमसंगकडे.

अॅटमॉसबद्दल दोन शब्द. २०१२ साली ‘ब्रेव्ह’ ह्या सिनेमातून ते थिएटरात आलं, २०१४मध्ये घरात. डोक्यावरून हेलिकॉप्टर जाण्यासाठी छतात स्पीकर लागतात. आमच्या छतात एसीचे डक्ट आहेत, छत घरमालकाचं आहे, आणि भिंतीतल्या प्रत्येक भोकाचा हिशेब डिपॉझिट परत घेताना होतो. वर तोंड करून छतावरून आवाज परतवणारे स्पीकर मिळतात, पण स्वस्तातले मी जे ऐकले त्यांतून पाऊस वरून पडल्यासारखा वाटला नाही. शेजारच्या खोलीत शॉवर चालू आहे असं वाटलं. मर्यादित पैशात हा नाद सोडावा.

मागचे दोन स्पीकरसुद्धा पहिल्या वर्षी नकोत, असं मी म्हणेन. आमच्याकडचे सोफे भिंतीला टेकलेले असतात, मागे जागा नाही, आणि तिथवर वायर न्यायची तर दारातून, गालिच्याखालून नेऊन घरातल्यांची बोलणी खायची. ‘तीन पॉइंट एक’ घ्यावं: डावा, उजवा, मधला आणि एक सबवूफर. मधला, म्हणजे सेंटर स्पीकर, हाच ह्या सगळ्या खटाटोपाचा नायक. सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद त्याच्यातून येतात. रिसीव्हरमध्ये फक्त सेंटरचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवता येतो. बाकी काही न हलवता माणसं बोलू लागतात. मालिका साध्या स्टिरिओत असल्या तरी रिसीव्हर दोन्हीकडचा सारखा आवाज ओळखून मध्ये आणतो. ही करामत सगळीकडे चालत नाही. ‘वस्त्रहरण’सारख्या नाटकाच्या जुन्या चित्रीकरणात नटांचं बोलणं आणि प्रेक्षकांचं हसणं एकाच माइकमधून आलेलं असतं. तिथं सेंटर वाढवला की हशाही वाढतो. तेव्हा स्टिरिओचं बटण दाबावं.

दुकानात ऐकायला जाताना आपल्या ओळखीचं काही घेऊन जावं. मी दोन सिनेमे वापरतो. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५): राहुल देशपांडे आणि शंकर महादेवन ह्यांचे आवाज आपल्याला पाठ असतात, त्यामुळे तान नाकातून आल्यासारखी वाटली तर लगेच कळतं. आणि ‘सैराट’ (२०१६): अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता. तंतुवाद्यांचा तो थर वेगवेगळा उलगडतो की एकच कालवण होतं, ते ऐकावं. दुकानदार लावतो ती स्फोटांची क्लिप ऐकून काहीच कळत नाही. स्फोट सगळ्यांचेच चांगले वाजतात.

दुकानं दोन जातींची. एक मॉलमधली मोठी, जिथं किंमत लिहिलेली असते, तिच्यात २०१८पासूनचा पाच टक्के व्हॅट धरलेला असतो आणि बिलावर वॉरंटी मिळते. दुसरी बर दुबईची. जेएलटीहून रेड लाइननं बुरजुमान, तिथं ग्रीन लाइन पकडून अल फहिदी. ह्या स्टेशनाला आता चक्क एका इलेक्ट्रॉनिक्स दुकानाचं नाव आहे, यावरून त्या पेठेचा स्वभाव लक्षात यावा. तिथं घासाघीस चालते, हिंदी चालतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याचं बालपण गेलं त्याला तिथं माहेरी आल्यासारखं वाटतं. तेवढ्यात एक गोष्ट विसरू नये: रिसीव्हर उलटा करून पाठीवरची पाटी वाचावी. अमिरातीत वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, भारतातही तीच. अमेरिकेसाठी बनलेला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो आणि कधी कधी इथं फार स्वस्तात दिसतो. तो आपल्या भिंतीत खुपसला की क्षणात धूर. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण तो एवढा जड आणि तापणारा की स्वस्ताईची सगळी मजा जाते. भारतात परत न्यायचा तर २३० व्होल्टवाल्याचा फक्त प्लग बदलावा लागतो. इथली वॉरंटी तिथं चालेल अशी आशा मात्र ठेवू नये.

खरी स्वस्ताई जुन्या मालात आहे. दुबई हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. नोकरी बदलली, व्हिसा संपला, शाळेचं वर्ष संपलं की माणसं जूनमध्ये घर रिकामं करतात आणि डुबिझल ह्या जाहिरातींच्या वेबसाइटवर सामान टाकतात. पाच-सात वर्षांपूर्वी महाग असलेला, तीन वर्षं जेमतेम वाजलेला डेनॉन तेव्हा नव्या तळाच्या मॉडेलपेक्षा कमी पैशात मिळू शकतो. त्यात ८के नसतं, पण वर सांगितल्याप्रमाणे चित्र त्यातून जाणारच नाही. बघायला जाताना एआरसी चालतं का ते त्यांच्याच टीव्हीवर तपासावं, प्रत्येक चॅनेल वाजवावा, आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते का ऐकावं, आणि माइक व रिमोट मागून घ्यावेत. माइक नेहमी हरवलेला असतो. रिसीव्हर टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवलेला दिसला तर भाव पाडावा किंवा सरळ निघून यावं. ह्या यंत्राचा शत्रू उष्णता आहे. वर वीतभर तरी मोकळी जागा लागते. उन्हाळ्यात आपण दोन महिने गावी जातो, एसी बंद असतो, तेव्हा त्याची वीज भिंतीवरच बंद करून जावी.

पैशांची वाटणी सांगतो. सगळं मिळून २,५०० दिरहम धरले तर रिसीव्हरवर हजारापेक्षा जास्त घालू नयेत. हजारभर पुढच्या तीन स्पीकरना, उरलेले सबवूफर आणि वायरींना. नवा रिसीव्हर ह्यात ओढाताण करतो, जुना आरामात बसतो. स्पीकर एकाच मालिकेतले असावेत, म्हणजे डावीकडून उजवीकडे चाललेल्या माणसाचा आवाज मध्येच बदलत नाही. सोनीचे एसएस-सीएस५ आणि त्यांच्या जोडीचा सेंटर सीएस८ हे ह्या भावातलं माझं आवडतं त्रिकूट. वायर निखळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. सोनेरी टोकांच्या महाग एचडीएमआय वायरीवर एक दिरहमही जादा देऊ नये.

साउंडबारवाला मित्र पूर्ण चुकीचा नव्हता. स्टुडिओ फ्लॅट असेल, वर्षभरात घर बदलायचं असेल, तर सेंटर चॅनेल असलेला साधा साउंडबार घ्यावा आणि खरंच गप्प बसावं. त्याचा तोटा एवढाच की एक भाग बिघडला की सगळं टाकून द्यावं लागतं. ज्यांना सिनेमापेक्षा गाणी जास्त प्रिय त्यांनी एआरसीची सोय असलेला स्टिरिओ अँप्लिफायर बघावा. २०२३ साली आलेला विमचा अँप त्यातला, बत्तीस भोकं नसलेला, टिफिनच्या डब्यासारखा दिसणारा. ह्यात सेंटर नाही, म्हणून सासऱ्यांची तक्रार पूर्ण मिटत नाही, पण किशोरीताई फार छान वाजतात.

उरला सबवूफर, म्हणजे शेजारधर्म. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते. ती दार-पडद्यांना जुमानत नाही, स्लॅबमधून खालच्या घरी उतरते. मला पहिल्याच आठवड्यात खालून सिक्युरिटीचा फोन आला. आता सबवूफरखाली जाड फोम आहे, रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड चालू असतो आणि ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज तेवढाच सबवूफरकडे जातो. सबवूफर कुठं ठेवावा हे शोधायची एक गमतीदार रीत आहे: तो सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, तबल्याची गाणी लावायची आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथं डग्गा घुमत नाही, स्पष्ट ऐकू येतो, तिथं नंतर सबवूफर ठेवायचा. मी रांगत असताना सासरे सोफ्याशेजारच्या खुर्चीत बसून होते. त्यांनी काही विचारलं नाही.

काचेवर जाड पडदा आणि समोर गालिचा घातल्यावर जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही रिसीव्हरनं पडला नसता, हे पैसे खर्च झाल्यावर लक्षात आलं. ते आधी करून बघावं.

रिसीव्हरचं खोकं आणि थर्माकोल टाकू नये. जेएलटीत कोण किती वर्षं राहील सांगता येत नाही, आणि खोक्यासकट विकलेल्या वस्तूला चार पैसे जास्त येतात. आमचं खोकं बेडखाली आहे. सध्या त्यात आकाशकंदिलाच्या काड्या, झिरमिळ्या आणि गेल्या दिवाळीच्या उरलेल्या पणत्या आहेत.